सासूबाईंनी मैदानावर दिलेली हाक

पोरीने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "आई, आजीला सांग, मैदानावर मला हाक मारायची नाय. उस्ताद लई कडक आहेत. हलला तो तुकडीबाहेर." उस्ताद म्हणजे त्यांना कवायत शिकवणारे हवालदार.

पोलिसात भरती होऊन वर्षही झालं नव्हतं आणि शहीद पोलिसांना मानवंदना देणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती. त्या शहिदांत तिचा बापही. आळेफाट्याला नाकाबंदीत ट्रकने ह्यांना उडवलं तेव्हा ती सहावीत होती. दरवर्षी आम्ही सासू-सुना बोरीहून एसटीने जुन्नरला यायचो, शाल-नारळ घेऊन गप घरी जायचो. नावं वाचायला लागले की सासूबाई तोंडावर पदर घ्यायच्या, तो सगळं संपेपर्यंत. यंदा मात्र निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, डोळे फाडून नातीकडे बघत बसल्या होत्या. हाक मारू नका, हे मी वाटेत तीनदा सांगितलं.

"येडी समजतीस व्हय मला?" म्हणाल्या.

ह्यांचं नाव वाचलं गेलं. मग हुकूम सुटला, "शोक शस्त्र!" तुकडीने रायफली उलट्या केल्या आणि माना खाली घातल्या. तशी रीतच असते. पण सासूबाईंनी ती पदराआडून कधी बघितलीच नव्हती. त्यांना दिसलं एवढंच, की नातीने मान खाली घातली. आणि आमच्या घरात तेवढं चालत नाही. "आपल्या आज्यापणज्यांनी लई माना खाली घातल्या, आता पुरे," असं सासूबाईंकडून ऐकतच हे मोठे झाले आणि पोरगीही.

बिगूल वाजून थांबला. मैदान चिडीचूप. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "मान वर कर गं! कुनाला भीतीस? वर कर!"

मेले मी! पुढचे सगळे वळून बघायला लागले. मी सासूबाईंचा हात दाबून धरला, पण नजर पोरीवर. तिच्या कानावर गेलं नाही असं कसं होईल? जरा जरी हलली असती तर इतके महिने उन्हात गाळलेला घाम वाया. पण पोरगी हलली नाही. बोटसुद्धा नाही. मग पुढचा हुकूम झाला, सगळ्यांच्या माना वर आल्या, आणि सासूबाई खुर्चीत ऐसपैस टेकल्या.

"ऐकलं बघ माझं."

कार्यक्रम संपताच उस्ताद तडक आमच्याकडे आले.

"मघाशी कोण ओरडलं?"

"मी," सासूबाई उठून म्हणाल्या. "बापाचं नाव घेतल्यावर मान खाली घालत न्हाई आमच्यात."

"आजी, ती लाजेनं नसते घातलेली. गेलेल्या माणसापुढं झुकवतात. आज मंचावरच्या मोठ्या साहेबांनीसुद्धा झुकवली." मग ते हसले. "तुमच्या आवाजानं माझे दोन गडी हलले, राव. तुमची नात नाही हलली. तुकडीतली तिची जागा पक्की."

मला रडू फुटलं, खुशाल रडले. सासूबाईंचं मात्र साहेबांच्या वाक्याशीच अडलं होतं.

"म्हंजी साहेबांनी माझ्या लेकापुढं मान खाली घातली?"

"हो, आजी."

पोरगी आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, बस्स. पण परतीच्या एसटीत कंडक्टर तिकिटाला आला, तर त्याला गाव सांगायच्या आधी म्हणाल्या, "भाऊ, आज मोठ्या साहेबांनी माझ्या लेकापुढं मान झुकवली. म्या सोता बघितलं."