माहेरी झाकून ठेवलेलं बीपी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मीही देवळ्याला गेले. आठव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं. प्रीएक्लॅम्प्सिया आहे, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक चढलंय, म्हणत डॉक्टरांनी घाईघाईने सिझेरियन केलं. आईने नाशिकला सासरी फोन केला तो एवढाच: मुलगी झाली, दोघी सुखरूप. आपली पोर आजारी निघाली असं कुणी म्हणायला नको ना! नवऱ्याला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "आता उतरलंय ना बीपी?" उतरलं होतं. विषय संपला.

मुलगी आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात जिना चढताना माझी छाती दाटून यायला लागली, म्हणून नाशिकमध्येच डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत सासूबाई, आणि चार दिवस राहायला आलेली आई. बीपी चांगलंच चढलेलं निघालं. बाईंनी विचारलं, "गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाय हो, लय सुखरूप झालं तिचं."

माझं डोकंच फिरलं. "आई, झटके येऊ नयेत म्हणून सलाईनमधून औषध चालू होतं मला! कसलं सुखरूप?"

आई चोरट्या नजरेने सासूबाईंकडे बघायला लागली. त्या पदर सावरत म्हणाल्या, "अहो विहीणबाई, मला तेव्हाच कळलं होतं. बारशाला आले तर हिचा चेहरा केवढा सुजलेला! पण तुम्ही सांगितलं नाही, मग मी कशाला विचारू?"

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. एकीने अब्रू जपायची, दुसरीने मान राखायचा, आणि रक्तवाहिन्या मात्र माझ्या!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बीपी उतरलं तरी रक्तवाहिन्यांवरचा परिणाम राहू शकतो. पुढे हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका वाढतो. दरवर्षी तपासायला हवं होतं. आणि मुलीला सांगून ठेवा, आईला झालं असेल तर तिलाही होण्याची शक्यता जास्त."

रिक्षात आईने माझा हात हातात घेतला. तिला वाईट वाटत असेल, या विचाराने मी जरा निवळलेही. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "पोरीच्या लग्नाच्या टायमाला हे कुठं बोलू नको बरं का. स्थळं मोडत्यात."

सासूबाईंनी मान डोलावली. विहिणींचं इतक्या वर्षांत एकमत झालं ते यावर!

घरी पोचल्यावर चप्पलही न काढता मी मुलीला हाक मारली, आणि दोघींच्या समोर तिला सगळं सांगितलं.