चपला आत घ्या

मीटिंग सुरू व्हायच्या आधी तो फळांचं रिकामं क्रेट घेऊन दाराशी यायचा, वाकायचा आणि बाहेर काढलेल्या सगळ्यांच्या चपला त्यात भरून आत आणायचा. कुणी संकोचून "अहो, राहू द्या" म्हणालं की त्याचं ठरलेलं उत्तर यायचं. "माणूस आत लपून बसतंय अन् चपला बाहेर बोंबलत्यात."

तुम्ही लहान गावात राहिला असाल तर हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे माणसाआधी त्याची चप्पल ओळखतात. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला आहे. तेवढं पुरतं.

त्याचं नाव लिहिणार नाही. त्या खोलीतली नावं बाहेर न्यायची नसतात. बीडमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी त्याचा फळांचा गाडा होता आणि सगळे त्याला मामू म्हणत.

माझं चौसाळ्यात कापडाचं दुकान. एकादशीची नारायणगडाची वारी मी कधी चुकवली नाही. आणि दुकानाचं शटर ओढलं की गळ्यातली माळ काढून खिशात ठेवायची आणि प्यायची, हेही कधी चुकवलं नाही. एकदा धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात बायकोला माळ सापडली. माळ देव्हाऱ्यात ठेवून ती आत गेली. त्या दिवशी मी कुणीतरी दिलेला, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने गल्ली सांगितली, गुरुवारची संध्याकाळ सांगितली. पाटी नाही, म्हणाला.

माळ पुन्हा घातली, घरी नारायणगडाचं नाव सांगितलं आणि बीडला आलो. पाटी नसलेलं दार कुणाला विचारणार? समोरून येणारा प्रत्येक चेहरा चौसाळ्याचा वाटत होता. गल्लीच्या तोंडाशी आलो की मामूच्या गाड्यावर उगाच मोसंबी घ्यायची आणि परत फिरायचं. हातात तीन पिशव्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, "महाराज, कावून फिरायलेत?"

"मोसंबी घ्यायची होती..."

"मोसंबी बास झाली. ते निळं दार हाय. चला, मी बी तिथंच चाललोय."

दाराशी माझा हात सवयीने गळ्याकडे गेला. मी माळ काढू लागलो. त्याने माझं मनगट धरलं. "राहू द्या गळ्यात. इथं काडायचं काम न्हाई."

आत मी त्याच्या शेजारी बसलो. सगळ्यांसमोर आधी तोच बोलला. "आमच्यात तर प्यायचंच न्हाई, तरी प्यालो. पोरीच्या ईदच्या ड्रेसचं कापड इकून प्यालो. आता दिवसभर द्राक्षं इकतो, अन् अल्लाची मेहेरबानी, नुसती खातो." सगळे हसले. मीही हसलो.

पुढची काही वर्षं दर गुरुवारी मी त्याच्या शेजारी बसलो. तो प्यायला नाही. त्याच्यामुळे मीही प्यायलो नाही.

मग चौसाळ्यातला एक मेकॅनिक दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक. त्याच्या पुतण्याला मामूच्या मुलीचं स्थळ आलं होतं. "शेठ, त्याच्या गाड्यापाशी तुमाला बघितलं होतं मी. दारुड्यांच्या खोलीत बसतो म्हणं तो. अजून पितो का काय?"

बघितलं होतं! एवढं एकच माझ्या कानात राहिलं. 'तो सुटलाय' म्हणालो असतो तर 'तुम्हाला कसं माहीत?' हा प्रश्न आलाच असता.

"आपण फळं घेतो," मी म्हणालो. "बाकी माहीत नाही."

रिश्ता मोडला.

त्या गुरुवारी मामू क्रेट घेऊन दाराशी आला. "तुमच्याच गावचे पावणे होते, महाराज. त्यांनी कुणाला तरी इचारलं. तो माहीत न्हाई म्हणला." तो वाकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला विचारलं, "तुमची चप्पल आत घेऊ ना?"

मी हो म्हणालो. त्याने ती सगळ्यांच्या चपलांसोबत आत नेली आणि नेहमीसारखा माझ्या शेजारी बसला.

मुलीचं लग्न पुढे लांब कुठेतरी झालं. मला बोलावणं नव्हतं. लग्नाचं कापडही माझ्या दुकानातून गेलं नाही.

यंदा मामू गेला. छातीत कळ आली आणि गाड्यापाशीच पडला. आठवड्याभरात तो मेकॅनिक दुकानात आला आणि म्हणाला, "शेवटी दारूनंच नेला की, शेठ. बरं झालं, आपण सोयरीक केली न्हाई."

दुकानात गिऱ्हाईक होतं. बायको गल्ल्यावर बसली होती.

"तो पीत नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत तेव्हाही पीत नव्हता."

"तुमाला कसं ठावं?"

"मी त्याच्या शेजारी बसायचो. त्याच खोलीत. मी पण दारुडाच."

गिऱ्हाइकाने हातातलं कापड हळूच खाली ठेवलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिने नजर हटवली नाही.

मामूचं क्रेट खोलीत अजून आहे. आता दुसरा एक जण चपला आत आणतो. परवा त्याने माझ्या चपलांना हात घातला तेव्हा मी म्हणालो, "त्या राहू द्या."

मीटिंग संपेपर्यंत त्या निळ्या दाराबाहेर होत्या. हिरव्या दोऱ्याचा अंगठा गल्लीच्या तोंडाकडे, जिथे मामूचा गाडा उभा असायचा.