जोडीच्या गर्डरची खूण

चंपत मेश्राम गोंदियाकडून भिलाईला आला तेव्हा पोलाद कारखान्याचे नुसते सांगाडे उभे राहत होते. हात स्थिर म्हणून त्याला गर्डरांवर रंगाने खुणा करायचं काम मिळालं. गोल म्हणजे तपासलेला, फुली म्हणजे नापास, बाण म्हणजे ही बाजू वर, अशा एकूण सहा खुणा. माल उचलणारे चार मुलखांतले, अक्षर ओळखणारे थोडेच. खूण बघूनच क्रेन हलायची.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात विजयकुमार साहेबांना आणखी एक खूण हवी झाली. साहेब नागपूरचे इंजिनिअर, शांत माणूस. काही गर्डर जोडीनेच चढवायचे होते. एकटा चढला की परत उतरवावा लागे, दिवस फुकट. साहेबांनी दोन फुल्या सुचवल्या. लोकांनी तो गर्डर पक्का नापास समजून भंगारात टाकला. दोन उभ्या रेघा काढल्या तर त्या अकरा वाचल्या गेल्या. दोन गोल काढले, तेव्हा दोनदा तपासलेला म्हणून एकटाच वर गेला. दर वेळी तापलेलं लोखंड घासायचं आणि नव्याने रंगवायचं ते चंपतनेच. तीन आठवड्यांत बोटांची सालं निघाली. कामगारांच्या कॅम्प-१ मधल्या खोलीत बायको रुक्मा काही विचारायला गेली की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

एका दुपारी त्याने कुणाला न विचारता खडूने दोन उभ्या रेघा ओढल्या, वर एक आडवी टाकली, तिची टोकं दोन्हीकडे बाहेर काढली. क्रेनखाली माल उचलणाऱ्यांपैकी मारोतराव दोर बांधत होता. हे काय दिसतं, असं चंपतने त्याला विचारलं.

"जू हाय," मारोतराव म्हणाला. "याले दोन बैल लागतात. एक जुपून कसं चालन?"

चंपतने मग तेलुगू गड्याला विचारलं, पंजाब्याला विचारलं, दोघा छत्तीसगडियांना विचारलं. भाषा निरनिराळ्या, पण जू सगळ्यांनी ओळखलं. साहेबांनीही ते मान्य केलं. छापील यादीत ती सातवी खूण झाली. ती कुणी काढली ते यादीत नव्हतं.

"आता जोडीच्या जुन्या खुणा पुसून घे," साहेब म्हणाले.

तसे गर्डर तीनशेच्या वर होते.

"घासतो, साहेब. पण यापुढं नवी खूण काढाची असन तर आधी उचलनाऱ्याले दाखवा."

साहेबांनी मान खाली घातली, हो म्हणाले. चंपतने बोटांना चिंधी गुंडाळली आणि तारेचा ब्रश घेऊन तो पहिल्या रांगेकडे निघाला.