बर्फाखालचं अस्वल

लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना एका रविवारी दुपारी तिच्या गावातला आइस हॉकीचा सामना बघायला बसलो. दुय्यम लीगमधला छोटा संघ, नाव गरुड. मैदानाच्या मधोमध, बर्फाच्या खाली, गरुडाचं चित्र रंगवलेलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या मार्थाबाईंच्या जर्सीवर मात्र अस्वल होतं.

“तुम्ही समोरच्या संघाच्या का?” मी विचारलं.

“नाही हो. आधी इथे अस्वलांचा संघ होता. मालकाने तो दुसऱ्या गावाला विकला. मग लांडगे आले, तेही गेले. आता हे. दर वेळी बर्फ वितळवतात, नवं चित्र काढतात आणि वर पाणी गोठवतात. आम्ही ओरडतो ते अस्वलांच्याच नावाने.”

मला स्वस्थ बसवेना. खेळ सोडून नजर सारखी त्या बर्फाखाली जात होती. नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक घरात मी हौसेने खिळे ठोकले, तसबिरी लावल्या. पुढच्या भाडेकरूने ते खिळे उपटून भिंत रंगवली असणार.

मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र मैदानावर फिरलं आणि स्केट्सचे सगळे ओरखडे पुसले गेले.

“तुम्ही कुठले?” बाईंनी विचारलं.

“मिरजेचा,” मी पटकन म्हणालो. मिरज सोडून चाळीस वर्षं झाली. तिथे आता पाणी मागावं असं एक दार नाही.

तेवढ्यात गरुडांनी गोल केला आणि सगळे अस्वलांच्या नावाने ओरडले. ज्यांचा एकही खेळ मी पाहिला नव्हता, त्या अस्वलांसाठी मीही उभा राहून ओरडत होतो.