दोन ओळींची केस

कोडोलीचा स्टँड आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. पण त्या सकाळी आबांनी मला मोटारसायकलवरून थेट कोल्हापूरला नेऊन सोडलं, तेही उसातल्या पाणंदीनं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माझा बाप गाव चुकवून चालला होता. बंगळूरची गाडी सुटायच्या आधी मी खिडकीतून त्यांना बजावलं, "आबा, तुम्ही गप्प बसायचं." त्यांनी नुसती मान हलवली.

झालं होतं असं. सीमेवर लढाई पेटली होती आणि मी फेसबुकवर दोन ओळी टाकल्या. नकाशावर बोट ठेवणारे साहेब घरी परततात, परतत नाहीत ती आमच्या गल्लीतली पोरं. ही लढाई थांबवा. दुपारपर्यंत स्क्रीनशॉट तालुकाभर फिरला. लष्कराची बदनामी केली म्हणून केस झाली. चार दिवस कोठडी, मग जामीन. मी गणित शिकवायचे त्या कॉलेजनं, उद्यापासून येऊ नका, असं कळवलं. आमच्या दाराला कुणीतरी काळं फासलं, आई ते दोन दिवस घासत होती.

पोलीस पुन्हा पुन्हा एकच विचारत, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणाले, माझंच आहे. खोटं बोलले. पहिली ओळ आबांची होती. बातम्या बघत जेवताना ते ताटाशी पुटपुटले, आणि मी मूर्खासारखी ती उचलून टाकली. त्यांचं नाव निघालं असतं तर या वयात त्यांनाही कोठडी बघावी लागली असती. मी रोज डोळ्यांसमोर असले तर ते कधीतरी बोलून बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गाव सोडलं.

आता पीजीत राहते, एका ॲपवर मुलांना गणित शिकवते. शिफ्ट, टार्गेट, कॅब, सगळं अंगवळणी पडलंय. सांबार गोड लागतं म्हणून त्यात आईची चटणी कालवते. रूममेट नाक मुरडते आणि अर्धी बरणी तीच संपवते. फोनवर काहीबाही लिहिते, पुसते. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही सगळे निदान सणाला तरी घरी जाता. मी तारखेला येते आणि कोर्टातूनच परत फिरते.

गेल्या महिन्यात गावातली चार जाणती माणसं आबांकडे आली. शाळेचा झेंडा पूर्वी आबाच चढवायचे, केस झाल्यापासून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. यंदा या म्हणाले, फक्त पोरीचं चुकलं एवढं चारचौघांत सांगा. पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. आबा त्यांना म्हणाले होते, "तिचं काय चुकल्यालं न्हाय. ते बोलणं माझं हाय."

मी आबांवर भयंकर चिडले. दोन वर्षं मी इथं कशासाठी काढली, असं विचारलं. ते म्हणाले, "तू तिकडं, आन् म्या हितं झेंडा चढवू व्हय? जमंना बाय मला."

फोन ठेवून मी खूप रडले. इतका अभिमान मला कुणाचा वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही.

पुढच्या तारखेला ते कोर्टात येणार म्हणतात, जजसाहेबांसमोरही तेच सांगणार म्हणतात. वकील म्हणतो, त्यांना आवरा. माझं घर आता तेवढंच उरलंय, कोर्टातल्या बाकावर माझ्या शेजारी आबा बसतील तेवढं. त्यांना या म्हणवत नाही, आणि येऊ नका असंही म्हणवत नाही.