टाकीतला कोळसा

माझं सगळं संशोधन कोळशावर. नारळाच्या करवंट्या हवा लागू न देता तापवायच्या आणि त्या कोळशाला वाफेनं आतून सूक्ष्म छिद्रं पाडायची. तळोज्याच्या प्रयोगशाळेत मी त्यात वीज साठवायच्या मागे होते. नाव होत होतं, परदेशातून बोलावणी येत होती.

बाबा करावे गावचे, जन्मभर खाडीत जाळं टाकलेले. "यवरं शिकून कोलसाच जालतेस?" असं म्हणायचे.

मग त्यांची किडनी गेली. दिवसाआड डायलिसिस. एका सकाळी केंद्रात पोचलो, तर सगळे पेशंट ताटकळत बसलेले. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, पाण्यात क्लोरीन येतंय. कार्बन संपला. नवीन भरल्याशिवाय कुणालाच लावता येणार नाही."

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मशीनमधून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. ते अडवणारी टाकी मागच्या खोलीत होती आणि तिच्यात करवंटीचाच कोळसा. त्याची छिद्रं बुजली की तो संपला म्हणायचं. इतके महिने येऊन मी तिकडे डोकावले नव्हते.

बाबांचे पाय सुजलेले, दम लागलेला. तसंच त्यांना परत आणलं. रिक्षात त्यांनी विचारलं, "तुझाच कोलसा तो?"

"तसलाच, बाबा."

"मंग तो संपनार हाय, ह्ये आदी कलत नाय?"

"नेमकं नाही कळत."

"मंग ते बग ना."

दुसऱ्या दिवशी डायलिसिस झालं. पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. महिनाभरानं मी विजेचं काम सोडलं. विभागप्रमुख म्हणाले, "इतक्या पुढे येऊन? यात नाव नाही मिळणार तुम्हाला." ते खरंच होतं. मी केंद्रांतून वापरलेला कोळसा मागवू लागले. पावसाळ्यातल्या पाण्यानं त्याची छिद्रं कशी लवकर बुजतात, ते तपासू लागले. बाबा खुर्चीत पडल्या पडल्या विचारायचे, "गावलं काय?" मी म्हणायचे, "अजून नाही."

उत्तर हाती येण्याआधीच ते गेले. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. पाण्याचा दोष नव्हता. शरीरच थकलं होतं. पुढे बरेच दिवस मला प्रयोगशाळेतल्या कोळशाच्या भट्टीपाशी उभं राहवत नसे.

काम पुरं व्हायला आणखी दोन पावसाळे गेले. आता त्या केंद्रात माझ्या हिशोबावरून कोळसा संपत आल्याचं आठवडाभर आधी कळतं आणि कुणाला परत जावं लागत नाही. टाकीतला कोळसा पहिल्यांदा वेळेत बदलला, तेव्हा तंत्रज्ञाचा फोन आला. मी आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. तिनं हात थांबवले, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, जेवून घे."