चार बोटांची पोकळी

नव्या विटांचा वास आला की मी विज्ञान शिकवतो त्या मुकुंदवाडीच्या शाळेतली एप्रिलची ती दुपार आठवते. पत्र्याच्या वर्गांत मुलांना भोवळ येई, म्हणून नवी इमारत बांधली होती: विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटांची पोकळी आणि दोन्हींना धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या. मुख्याध्यापिका बाई मात्र वर्ग हलवायला तयार नव्हत्या. "नुसती हवा ऊन अडवील व्हय, सर? लेकरं पुन्हा आजारी पडली तर?" मी त्यांना भिंतीला हात लावायला सांगितले. बाहेरून लावलेला तळवा त्यांनी चटकन मागे घेतला. आत गेल्यावर मात्र थेट गालच टेकवला. "अगं बाई, लई गार हाय की! बोलवा लेकरांना." हवा उष्णतेची मंद वाहक असते, हे वाक्य मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो; आता ते शिकवताना भिंतीला टेकलेला बाईंचा गाल आठवतो आणि माझा आवाज आपोआप हळू होतो.